तीनशे शब्दांचा निबंध आणि आमची पोरे

शहरच्या वर्तमानपत्रांत एकच ओरड चालू आहे. पोरे बिघडली, कायद्याचा धाक उरला नाही, सबब अठराचे वय खाली आणा आणि मिसरूड न फुटलेल्या पोरांनाही मोठ्यांच्या कोर्टात उभे करा! ओरड करणारे बंगल्यांत राहतात. कोर्टात उभी राहावयाची ती पोरे मात्र आमच्या घरची. म्हणून आम्हांस चार शब्द लिहिणे भाग आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरात एका धनिकाच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण इंजिनियर ठार झाले. पंधरा तासांच्या आत बाल न्याय मंडळाने त्यास जामीन दिला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले. सारा देश त्या निबंधावर संतापला. आम्ही जन्मभर निबंधच तपासतो, तेव्हा आम्हांस हसूही आले. पण शेतकरी बांधवांनो, नीट पाहा. अन्याय निबंधात नव्हता. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आणि मुलाचे आईबाप यांना अटक झाली. आरोप खरा ठरला तर अन्याय तेथे, थैलीच्या तोंडाशी आहे. पोरावर दया करणारा कायदा वाईट नव्हे. ती दया पैकेवाल्याच्या दारी धावत जाते आणि आमच्या झोपडीची वाट विसरते, हे वाईट.

त्याच पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द आता पोराटोरांच्या तोंडी झाला आहे. कोयता म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. बीड-नगरकडची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर त्याच्यावरच पोट भरावयास कारखान्यांकडे जातात. मुकादम नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणून उचल देतो. आमच्या घामाचे अवजार शहरात गुंडाचे नाव झाले! कोयते उगारून माणसे जखमी करणारी पोरे आहेत, ते आम्ही झाकत नाही. जखमी होणारा हातगाडीवालाही बहुधा आमचाच असतो. पण असल्या पोरांना निबंध लिहावयास सांगितला, तर कित्येकांना तीनशे शब्द लिहिता यावयाचे नाहीत. हा दोष आम्हां मास्तरांच्या पदरातही पडतो.

आणि ओरड केवढ्यावर? २०२२ साली देशात अठ्ठावन्न लाखांवर गुन्हे नोंदले गेले. त्यांत अल्पवयीन मुलांवरचे साडेतीस हजार, म्हणजे हजारी पाच. तरीही फास आवळा म्हणतात! दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या अघोर प्रकारानंतर असाच गलका झाला. म्हणून २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असल्यास त्यास प्रौढ मानून खटला चालविण्याची वाट उघडली. कल्याणीनगरच्या मुलास त्या वाटेने न्यावे, ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. त्याच्या बाजूस कायद्याचा शब्दन् शब्द जाणणारे वकील होते. आमच्या पोराच्या बाजूस कोण असतो? बाहेर पायरीवर बसलेली आई.

जन्मानेच गुन्हेगार ठरविण्याची विद्या या देशास नवी नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे मुले आईबापांपासून तोडून निराळ्या वसाहतींत ठेवण्याची तरतूदही केली. तो कायदा १९५२ साली गेला. पारधी-कैकाड्याच्या पोरावरची नजर गेली काय?

आता आमच्याच घरातली एक गोष्ट. पोर बालक की प्रौढ, हे कोर्ट आधी शाळेच्या किंवा दहावीच्या दाखल्यावरून ठरविते. ते नसेल तर ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या जन्मनोंदीवरून. तेही नसेल तर हाडांची तपासणी. आणि दाखल्यावरची तारीख कोणी लिहिली? आम्ही मास्तरांनी! आईने सांगावे, 'पेरणीच्या दिवसांत झाला,' आणि आम्ही बेलाशक १ जून लिहावे. जुनी हजेरीपुस्तके उघडा. निम्मा गाव एकाच दिवशी जन्मलेला दिसेल. त्या एका तारखेने पोर निरीक्षणगृहात जाईल की मोठ्यांच्या तुरुंगात, हे ठरते, याचा विचार त्या वेळी आम्ही केला नाही.

तेव्हा मूल जन्मल्यास एकवीस दिवसांच्या आत नोंद करा. तोवर पैसा लागत नाही. जुनी नोंद राहिली असेल तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो, हेलपाटे पडतील, तरी करा. ऊसतोडीला जाताना पोराचे नाव शाळेतून काढू देऊ नका. आणि शहरात कामास गेलेल्या पोरास पोलिसांनी धरलेच, तर त्यास कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते, आणि वकील फुकट मिळतो, हे फौजदारास हात जोडून नव्हे, उभे राहून सांगा. 'पोरगा थोराड दिसतो' असे उत्तर येईल. दाखला पुढे करा. त्यावरची तारीख खोटी वाटत असेल तर आजच शाळेत या. दुरुस्तीचा अर्ज आम्ही लिहून देऊ.