मृत्यू कोणाच्या खाती?

औषधाची चाचणी चालू असताना माणूस दगावला, तर त्याच्या मृत्यूचे कारण कोणी ठरवायचे? प्रश्न वैद्यकशास्त्राचा दिसतो. वस्तुतः तो वर्गसत्तेचा आहे.

चाचण्यांच्या परिभाषेत ‘तीव्र’ आणि ‘गंभीर’ हे शब्द समानार्थी नाहीत. डोकेदुखी कितीही तीव्र असली, तरी तेवढ्याने ती गंभीर घटना ठरत नाही. मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कायमचे अपंगत्व, जन्मजात व्यंग या गंभीर घटना होत. येथवर वाद नाही. वाद आहे तो पुढच्या रकान्याचा : ‘चाचणीशी संबंधित’ की ‘असंबंधित’? भरपाई याच शब्दावर अवलंबून असते. आणि तो शब्द प्रथम लिहितात कोण? कंपनीच्या पैशावर चाचणी चालविणारा डॉक्टर आणि खुद्द कंपनी!

2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत 10 ते 14 वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस टोचण्यात आली. खम्मममध्ये त्यांत आश्रमशाळांतील आदिवासी मुली होत्या; अनेकींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. सात मुली मरण पावल्या. महिला संघटनांनी व खासदार बृंदा करात यांनी आवाज उठविल्यावर एप्रिल 2010 मध्ये कार्यक्रम थांबला. लसीनेच मुली मेल्या, असे आमचे म्हणणे नाही. परंतु सखोल तपासाविनाच संबंध नाकारण्यात आला, असा ठपका संसदीय स्थायी समितीने 2013 मध्ये ठेवला. ‘चाचणी’ हे नावच टाळले, की गंभीर घटनांची काटेकोर नोंद ठेवण्याची जबाबदारीही टळते!

त्याच वर्षी केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात आकडे दिले : 2005 ते 2012 या काळात चाचण्यांदरम्यान 2,644 मृत्यू, त्यांपैकी चाचणीमुळे झालेले अवघे 80. उरलेले बहुतेक आजारानेच गेले असतीलही. पण हा निवाडा ज्यांच्या खिशाला झळ पोचते त्यांच्याच कागदांवर उभा राहणार असेल, तर जनतेने तो का मानावा?

2013 च्या दुरुस्त्या व 2019 चे नियम जनतेच्या रेट्यामुळे आले. गंभीर घटना 24 तासांत कळविणे आज बंधनकारक आहे. तेवढ्याने भागणार नाही. प्रत्येक मृत्यूची कंपनीपासून स्वतंत्र चौकशी, नातेवाइकांना त्यांच्या भाषेत अहवाल आणि चाचणीनिहाय आकडे जाहीर करणे, या मागण्या शाखाशाखांतून पुढे रेटल्या पाहिजेत.

विज्ञानाला आमचा विरोध नाही. गरिबाच्या देहावर नफ्याचे गणित मांडून त्याचा मृत्यू ‘असंबंधित’ ठरविण्याला आहे.