पाठीचा डबा आणि ७० न्यूटन

पोहायला मी आजोळी शिकलो, मळ्यातल्या विहिरीत. मामाने पाठीला तेलाचा रिकामा, तोंड बंद केलेला डबा बांधला, "काही होत नाही रे" म्हणाला आणि दिलं ढकलून! पहिल्याच दिवशी दोरी सैल झाली आणि डबा घसरत कमरेवर आला. झालं. ढुंगण वर, तोंड पाण्यात. मामाने वर काढलं, डबा पुन्हा दोन्ही खांद्यांच्या मधे आवळून बांधला आणि परत ढकललं. डबा तोच, हवा तेवढीच. फक्त जागा बदलली.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्याचं नवं वेड, विंडसर्फिंग. आठवडाभर क्युबिकलमधे बसायचं आणि शनिवारी दुपारी सॅन मटेओच्या कोयोटी पॉइंटला पळायचं. शेजारीच विमानतळ. डोक्यावरून विमानं उतरत असतात आणि खाली आम्ही पडत असतो. उन्हाळ्यात दुपारनंतर इथे पश्चिमेचा वारा असा सुटतो की विचारू नका. शिडाचा आडवा दांडा, म्हणजे बूम, नुसत्या हातांनी धरून ठेवला तर दहा मिनिटांत हात भरून येतात. म्हणून हार्नेस. कमरेला रुंद पट्टा, त्याला पुढे एक हूक आणि बूमला दोरीचा फास. हूक फासात अडकवला की वाऱ्याची ओढ हातांऐवजी अंगाच्या वजनावर येते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मला उडायला आल्यासारखं वाटलं होतं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मात्र खरोखरच उडालो. जोरदार झोत आला आणि हूक अडकलेला असल्यामुळे शिडाबरोबर मीही पुढे फेकला गेलो. पाण्यात पडलो, वर शीड. इथपर्यंत ठीक, हे सगळ्यांचं होतं. पण माझं जॅकेट लांब होतं. हार्नेसने त्याची खालची कड वर ढकलली, छातीचा फोम हनुवटीला टेकला आणि कडेचा जाड घोळ हूकवर येऊन बसला. हूक दिसेना. हाताने चाचपतोय तर बोटांना नुसता फोम. किती सेकंद गेले असतील? चार? पाच? एरवी तेवढ्यात ईमेलसुद्धा उघडत नाही. पण तिथे मला सगळी वंशावळ आठवली.

बाहेर आल्यावर वाळूत बसून विचार केला. जॅकेट चांगलं होतं, मान्यताप्राप्त होतं, मापाचं होतं. हार्नेसही चांगला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन्ही मॉड्यूल्सच्या युनिट टेस्ट पास, आणि इंटिग्रेशन कोणी केलंच नव्हतं. ते करायचं काम दुकानदाराचं नाही. ते माझंच होतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की जॅकेट एकटं विकत घेऊच नये. हार्नेस घेऊन दुकानात जावं.

आता आकडे. सगळेजण लेबलावरचे न्यूटन बघतात. अमेरिकेत अशा फोमच्या जॅकेटला बहुतेकदा साधारण ७० न्यूटन असतात, म्हणजे सुमारे ७ किलोची उचल. युरोपात ५० न्यूटनचं चालतं. बहुतेक मोठ्या माणसांना डोकं पाण्याबाहेर ठेवायला ३ ते साडेपाच किलोची जादा उचल पुरते, त्यामुळे आकडा वाटतो तितका मोठा प्रश्न नाही. एक मात्र लक्षात ठेवा. ही जॅकेटं शुद्धीवरच्या माणसासाठी आहेत. बेशुद्ध माणसाला उताणं करतील याची खात्री नाही. ते काम जाड कॉलरच्या लाईफ जॅकेटचं, पण ते घालून शीड हाकणं म्हणजे रजई पांघरून बॅडमिंटन. पाणी लागताच आपोआप फुगणारी जॅकेटं तर आम्हा दर पाच मिनिटांनी पडणाऱ्यांच्या कामाचीच नाहीत. पातळ 'इम्पॅक्ट व्हेस्ट' दिसतात झकास, पण ती मुख्यतः मार झेलण्यासाठी. बऱ्याच व्हेस्टना तरंगण्याचं प्रमाणपत्रच नसतं.

खरा प्रश्न विहिरीतल्या डब्याचा. फोम कुठे आहे? कमरेच्या हार्नेसमधेही फोम असतो आणि तो आपला पार्श्वभाग वर उचलायला बघतो. म्हणून जॅकेटचा फोम वर, छाती-खांद्यांकडे हवा आणि जॅकेट हार्नेसच्या वरच्या कडेपाशी संपायला हवं. कमरेचा हार्नेस आधीच ओढीने बरगड्यांकडे सरकतो, लांब जॅकेट असलं की दोघांची मारामारी ठरलेली. सीट हार्नेसचा हूक खाली असतो आणि मांड्यांतले पट्टे त्याला जागेवर धरून ठेवतात. जाणकार त्याला जुनाट म्हणतात. म्हणोत. मी तोच घेतला. वर आखूड, बाजूने बंद होणारं जॅकेट, कारण पुढची चेन हूकच्या पट्टीखाली बरगडीत रुतते. खिसे नकोत, लोंबणारे बंद नकोत. फासाला अडकायला काहीही चालतं.

मग घरी जिन्याच्या कठड्याला दोरी बांधली, वेटसूट, जॅकेट, हार्नेस सगळं चढवलं आणि हूक अडकवून लटकलो. डोळे मिटून, एका हाताने हूक सोडवायचा. वीस वेळा. बायकोने फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. असो. नंतर उथळ पाण्यात शिडाखाली जाऊनही तेच केलं. आधी हूक सोडवायचा, मग हात सरळ वर करून शीड उचलायचं, म्हणजे थोडी हवा मिळते, आणि चाचपत कडेला यायचं. जॅकेट घालून बुडी मारून निसटता येत नाही, ही त्याची किंमत. ती आधीच माहीत असलेली बरी.

"एवढ्यापेक्षा जॅकेटच नको, मला पोहता येतं की," असं आमच्या गँगमधला एकजण म्हणतो. त्याचं महागडं जॅकेट गाडीच्या डिकीत असतं, कारण ते त्याला काचतं. मलाही उत्तम पोहता येतं. पण थंड पाण्याबद्दल इथे १-१०-१ चा नियम शिकवतात: पहिलं १ मिनिट श्वास सावरायला, पुढची १० मिनिटं हातपाय धड चालतात आणि साधारण १ तासाने शुद्ध हरपू लागते. वेटसूट ही मुदत वाढवतो, रद्द करत नाही. हात चालेनासे झाले की विहिरीतली सगळी विद्या फुकट. म्हणूनच न काचणं ही चैन नाही, ती सुरक्षिततेची पहिली अट आहे. डिकीतल्या ७० न्यूटनपेक्षा अंगावरचे ५० कधीही बरे.

रविवारी आईचा फोन येतो. "ते जॅकेट घालतोस ना रे?" पूर्वी नुसतं "हो गं" म्हणायचो. हल्ली म्हणतो, "घालतो, आणि डबा वरच बांधलाय." तिला लगेच कळतं.