उजनीवर दिसणारा रोहित शिवडीच्या चिखलात कसा तगतो?

रे रोड (मुंबई) : हार्बर लाईनवरचं रे रोड म्हटलं की दारूखान्यातली जहाजतोडणी, भंगार, गोदामं आणि ट्रक. पण इथून दुसरंच स्टेशन शिवडी. हिवाळा-उन्हाळ्यात तिथल्या जेट्टीवरून ओहोटीला चिखलात गुलाबी थवे दिसतात. भिगवण, कुंभारगावकरांना हा पक्षी नवा नाही. रोहित म्हणा, अग्निपंख म्हणा नाहीतर फ्लेमिंगो.

फरक एवढाच, की उजनीवर येतो तो मुख्यतः मोठा रोहित. पाण्यातले किडे, बारीक शिंपले हे त्याचं खाणं. शिवडी आणि ठाणे खाडीत लहान रोहित जास्त, आणि तो जगतो शेवाळावर. हे शेवाळ माजतं त्यात मुंबईच्या सांडपाण्याचाही वाटा आहे. उजनीकरांनी हसू नये, भीमेतून पुण्याचं काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

खरा प्रश्न पाण्याच्या खोलीचा. रोहितला पाय बुडतील एवढंच पाणी लागतं. उजनी काठोकाठ भरलेली असली की पक्षी उशिरा येतात. पाणी उतरून गाळपेर उघडी पडायला लागली की थवे उतरतात. शिवडीत हेच काम ओहोटी दिवसातून दोनदा करते. मग भरतीच्या वेळी पक्ष्यांनी उभं राहायचं कुठं? त्यासाठी ते खाडीपलीकडं नवी मुंबईच्या तळ्यांवर जातात.

मुंबईत चर्चा झाली ती जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूची, कारण तो शिवडीतूनच निघतो. तळ्यांकडं लक्ष गेलं ते उशिरा. त्याच वर्षी नेरूळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी यायची वाट बंद झाली, तळं आटलं आणि तिथं रोहित मेले. २०२५ मध्ये त्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी मिळाली. ठाणे खाडीचं अभयारण्य तर २०१५ चं, २०२२ ला रामसरच्या यादीतही नाव आलं. पण शिवडीचा चिखल आणि नेरूळचं तळं दोन्ही अभयारण्याच्या हद्दीबाहेर. पक्षी हद्द बघून उतरत नाही, पाणी बघून उतरतो.

उजनीला भरती-ओहोटी नाही. तिथं पाणी उतरतं ते कालव्याच्या आवर्तनानं आणि नदीत सोडलेल्या पाण्यानं. धरण भरलं की शेतकरी खूश, पण पर्यटकांना पक्षी दाखवून चार पैसे मिळवणारे होडीवाले मात्र पाणी कधी उतरतंय याचीच वाट बघत बसतात.