लाख कोटी डॉलर आणि बाळाचे वजन

महाराष्ट्राची अर्थव्यवस्था २०२८ पर्यंत एक ट्रिलियन म्हणजे लाख कोटी डॉलरची करायची, असा राज्य सरकारचा निर्धार आहे. त्यासाठी एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली आर्थिक सल्लागार परिषद नेमली गेली, राज्याच्या विकासाबाबत सल्ला देणारी ‘मित्रा’ ही संस्था उभी राहिली, जिल्ह्याजिल्ह्यांचे विकास आराखडे झाले. उद्दिष्टाला तारीख आहे, जबाबदार माणसे आहेत, आढावा बैठका आहेत. उत्पादन वाढावे, याला कोण नको म्हणेल? पण तो आकडा गाठला की महाराष्ट्र पुढे गेला असे धरून चालण्याला आमची हरकत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, राज्यातल्या पाच वर्षांखालील ३६ टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी भरले. पाचव्या फेरीत हे प्रमाण ३६.१ टक्के निघाले. त्याच अवधीत देशाची सरासरी ३५.८ वरून ३२.१ टक्क्यांवर उतरली. देशातले सर्वात मोठे उत्पन्न असलेले राज्य आधी सरासरीच्या जवळपास होते, ते मागे पडले. १५ ते ४९ वयोगटातल्या रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण तर ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेले. कोरोनाकडे बोट दाखवण्याचीही सोय नाही. महाराष्ट्रातली ही पाहणी २०१९ मध्येच झाली होती. त्या सगळ्या वर्षांत राज्याचे सकल उत्पन्न मात्र वाढतच होते.

उत्पन्न वाढूनही शरीरे झिजतात, हे घडते कसे, ते बीडच्या ऊसतोडीत दिसते. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, कारखान्याच्या वाटेला लागते. फडात एक दिवस खाडा झाला की दंड कापला जातो. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पाणी. अंगावरून जाते म्हणून बाई दवाखान्यात गेली की ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो. या तक्रारी वाढल्यावर २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती.

आता हिशेब पाहा. तिने तोडलेल्या उसाची साखर उत्पन्नात जमा. खासगी दवाखान्याने घेतलेली शस्त्रक्रियेची फी, तीही जमा. तिच्या शरीराची जी कायमची हानी झाली, ती कुठेच वजा होत नाही. पहाटे उठून तिने कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, केलेला स्वयंपाक आणि पोरांचे केलेले सगळे तर या वहीत चढतच नाही. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. ज्या हिशेबात दुखणे जमेला धरले जाते आणि राबणे शून्य ठरते, त्याच्या बेरजेवर समाजाची प्रगती कशी जोखायची?

ही शंका कुणा विकासविरोधकाची नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत ज्यांनी घडवली, त्या सायमन कुझ्नेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटला दिलेल्या अहवालात बजावले होते की, या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज बांधू नये. पुढे महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने १९९० मध्ये आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र धरणारा मानव विकास निर्देशांक आणला. महाराष्ट्राने स्वतःचे मानव विकास अहवाल २००२ आणि २०१२ मध्ये काढले. नंदुरबार आणि गडचिरोली या निर्देशांकात कुठे आहेत, हे त्यामुळे मंत्रालयाला चांगले ठाऊक आहे. माहिती कमी पडली, असे कुणी म्हणू नये.

‘आधी पैसा येऊ द्या, मग वाटू’ हा युक्तिवाद नेहमीचा. तमिळनाडूकडे पाहिले की तो टिकत नाही. तेही कारखान्यांचेच राज्य, उत्पन्नात आपल्या पाठोपाठ. तिथे त्याच पाचव्या फेरीत कमी वजनाची मुले २२ टक्के निघाली. के. कामराज यांनी शाळेतले जेवण सुरू केले आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ते वाढवले, तेव्हा ते राज्य काही श्रीमंत नव्हते. आपल्याकडे अंगणवाडी सेविकेला मानधनासाठी आझाद मैदानात बसावे लागते. (विकासाच्या सादरीकरणात मात्र तिचे हसरे छायाचित्र हमखास असते.)

पुढच्या अर्थसंकल्पाच्या भाषणात अर्थमंत्र्यांनी लाख कोटी डॉलरच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवावा. ३६.१ टक्के हे प्रमाण २०२८ पर्यंत किती खाली आणणार, कोणत्या जिल्ह्यात किती, आणि त्याचा जाब कोणत्या मंत्र्याने द्यायचा, हे सभागृहात सांगावे. ते सांगितले जात नसेल, तर विरोधकांनी ते विचारावे.