एकशे आठ मण्यांची माळ

प्रदेश काँग्रेसच्या कार्यकारिणीची यादी आम्ही अजून जपून ठेवली आहे. २०२५च्या जुलैअखेर ती जाहीर झाली. वाचक एव्हाना विसरलेही असतील, आमच्याने मात्र विसरवत नाही. वरिष्ठ उपाध्यक्ष १६, उपाध्यक्ष ३८, सरचिटणीस १०८, सचिव ९५, कार्यकारिणी सदस्य ८७. राजकीय व्यवहार समिती आणि प्रवक्ते वेगळे. आधीच्या नोव्हेंबरात विधानसभेला पक्षाचे आमदार निवडून आले होते १६. म्हणजे दर आमदारामागे एक वरिष्ठ उपाध्यक्ष अगदी चोख वाटणीला येतो. सरचिटणीस येतात पावणेसात. यातला पाऊण कोणता, हे ज्याचं त्याने ओळखावं.

पण आमचा जीव अडकला तो १०८ वर. जपमाळेत मणी तेवढेच असतात. हरल्यानंतर या पक्षाला चिंतनाची उबळ येते, हे जगजाहीर आहे; या वेळी निदान जपाचं साहित्य तरी आधी जमवलं. मेरुमणी धरून माळ पुरी होते, आणि मेरुमणी आपल्याकडचाच आहे. प्रदेशाध्यक्ष हर्षवर्धन सपकाळ बुलढाण्याचे, साधे, सर्वोदयी वळणाचे. शास्त्र असं सांगतं की मेरुमणी ओलांडायचा नसतो, त्याच्याशी आलं की माळ उलटी फिरवायची. उलटं फिरण्याबाबत या पक्षात कधी मतभेद झाल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

चिंतनाचा इतिहासही मोठा रम्य आहे. १९९८ला पचमढीला बसले आणि ठरलं की शक्यतो एकट्यानेच लढायचं. २००३ला शिमल्याला बसले आणि ठरलं की सोबती हवेत. मग २०१३ला जयपूर, २०२२ला उदयपूर. २०१४च्या पराभवाची चौकशी ए. के. अँटनींनी केली, तो अहवाल लोकांसमोर आलाच नाही. २०२१ला केरळ-आसामातल्या पराभवाची कारणं शोधायला जी समिती नेमली, तिचे प्रमुख होते अशोक चव्हाण. फेब्रुवारी २०२४मध्ये ते भाजपमध्ये गेले. पक्ष का हरतो, याचा इतका सखोल अभ्यास त्या समितीत दुसऱ्या कोणी केला नसावा.

आता बसायचंच असेल तर आमचा चिखलदरा काय वाईट आहे? थंड हवा आहे, कॉफी आहे, आणि भीमकुंड आहे. भीमाने कीचकाला दरीत फेकलं आणि तिथे हात धुतले, अशी कथा सांगतात. हात ज्यांचं चिन्ह आहे, त्यांना एवढी सोय दुसऱ्या कुठल्या गिरिस्थानावर मिळायची नाही. स्वागतालाही घरचंच माणूस आहे. मेळघाटचे भाजपचे आमदार केवलराम काळे २००९ला काँग्रेसच्याच तिकिटावर विधानसभेत गेले होते.

खरं तर चिंतनाला डोंगर चढायचीही गरज नाही. अमरावतीतच भरपूर ऐवज आहे. ४ जून २०२४ला बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी जिंकले. १९९१ला प्रतिभाताई पाटील निवडून आल्या होत्या, त्यानंतर ३३ वर्षांनी पंजा इथून लोकसभेत गेला. गुलाल उडाला, ढोल वाजले, ते रास्तच होतं. त्यानंतर १७२ दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, जिल्ह्यातल्या विधानसभेच्या आठ जागांपैकी काँग्रेसच्या वाट्याला आल्या शून्य. तिवशात यशोमती ठाकूरही पडल्या. आघाडीला जिल्ह्यात एकच जागा मिळाली ती दर्यापूरची, ठाकरेंच्या शिवसेनेची. दर्यापूर ही वानखडेंचीच रिकामी झालेली जागा, काँग्रेसने मित्राला सोडलेली. जी सोडली तेवढीच आली. यावरून पुढच्या वेळी सगळ्याच सोडाव्यात, असा ठराव कोणी मांडला नाही म्हणजे मिळवली.

अमरावती शहराचा मासला तर काचेच्या कपाटात ठेवावा असा आहे. २०१९ला काँग्रेसच्या सुलभा खोडके विरुद्ध भाजपचे डॉ. सुनील देशमुख. खोडके जिंकल्या. २०२४ला अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या सुलभा खोडके विरुद्ध काँग्रेसचे डॉ. सुनील देशमुख. खोडके जिंकल्या. देशमुख मूळचे काँग्रेसचेच. २००९ला त्यांचं तिकीट कापून ते तेव्हाच्या राष्ट्रपतींच्या चिरंजीवांना दिलं, म्हणून बाहेर पडले, भाजपकडून आमदार झाले, मग परत आले. खोडके यांना निवडणुकीच्या तोंडावर पक्षाने सहा वर्षांसाठी निलंबित केलं. मतदाराने दोन्ही वेळा एकाच बाईंना मत दिलं. मधल्या काळात काँग्रेस तेवढी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली. नवनीत राणांचंही तेच. २०१९ला काँग्रेस आघाडीच्या पाठिंब्यावर त्या दिल्लीला गेल्या आणि पाच वर्षांनी त्यांनाच पाडण्याचा विजयोत्सव काँग्रेसने केला. रणनीती म्हणतात ती हीच असेल तर तिचा फेरविचार कशाला, तिचा आधी पत्ता लागू द्या.

अकोल्याचं दोन वाक्यांत उरकतो. १९८४नंतर पंजा तिथून लोकसभेत गेलेला नाही; २०२४ला डॉ. अभय पाटील ४०,६२६ मतांनी हरले आणि प्रकाश आंबेडकरांना पावणेतीन लाखांवर मतं पडली. हीच बेरीज १९९८ला जमली होती आणि आंबेडकर खासदार झाले होते, हे अकोल्याच्या कुठल्याही पानठेल्यावर फुकट कळतं.

आता आमची जुनी खोड. विषय कोणताही निघो, आमची गाडी सोयाबीनच्या ओलाव्यावर येऊन थांबते. २०२४च्या विधानसभा निवडणुकीच्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. बाजारात भाव त्याहून किती तरी खाली. शेतकरी पोती घेऊन केंद्रावर जायचा, तिथला माणूस पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढायचा, यंत्राच्या वाटीत टाकायचा, आकडा यायचा चौदा, आणि पोती परत गाडीत. मतदानाच्या तोंडावर केंद्र सरकारने ती मर्यादा १५ टक्के केली. ७,००० रुपये भाव देण्याचं आश्वासन कोणाचं होतं? काँग्रेसचंच. पण ते आश्वासन प्रचारात होतं आणि पोतं खरेदी केंद्रावर. तीन टक्के ओलावा सत्ताधाऱ्यांना वेळेवर सुचला. विरोधकांचा बहुतेक सभामंडपातल्या कुलरमध्ये संपला होता. मतदारयाद्यांत घोळ झाल्याची तक्रार पक्ष करतो. ती खोटी आहे असं आमचं म्हणणं नाही. फक्त यादी हातात धरून दारोदार फिरणारा माणूस गावात असला, तर घोळ मतदानाआधी सापडतो. निकालानंतर सापडतो तो पत्रकार परिषदेत.

‘आमचं सोयाबीन वापस आलं अन् हे माळ जपून राह्यले, काऊन बाप्पा?’ असं एखाद्याने विचारलं तर त्याला उत्तर द्यायला १०८ जण आहेत, ही जमेची बाजू मानू.

तेव्हा एक विनंती. पुढच्या दिवाळीच्या सुमारास मूर्तिजापूर, अंजनगाव किंवा चांदूरबाजार, जे जवळ पडेल तिथल्या खरेदी केंद्रावर या १०८ पैकी एकाने तरी सकाळी सहापासून रांगेत उभं राहून पाहावं. हारतुरे आणू नयेत. ताडपत्री मात्र स्वतःची आणावी, अवकाळीचा भरवसा नसतो.