गाळाचा ताळेबंद

वैशाखाच्या अखेरीस देऊळगाव राजा परिसरातील लहान तलावांचे तळ उघडे पडतात. भेगाळलेल्या त्या तळाची वार्ता बाजारपेठेतील दुकानदाराला सरकारी पाहणीच्या आधीच कळलेली असते, कारण त्याच्या खातेवहीतील उधारी लांबू लागते. सोयाबीन आणि कपाशी साधली तर दिवाळीच्या सुमारास बाकी चुकती होते. पावसाने दगा दिला आणि विहीर आटली, की बियाणे-खतांची, किराण्याची, कापडाची, सर्वांचीच बाकी पुढील वर्षावर जाते. जलसंधारण हा शेतकऱ्याचा आणि शासनाचा विषय आहे असे मानून व्यापारी कुटुंबाला स्वस्थ बसता येत नाही, ते यामुळेच.

या भागाची भूमी काळ्या कातळाची आहे. कातळाच्या फटींत आणि मुरमात जेवढे पाणी मुरेल तेवढेच विहिरीला लाभते. म्हणून पूर्वजांनी तलाव बांधले. शेजारच्या सिंदखेडराजा येथील जाधवकालीन मोती तलाव आजही त्याची साक्ष देतो. अलीकडच्या काळात देऊळगाव माहीजवळ खडकपूर्णा नदीवर संत चोखासागर उभा राहिला. परंतु मोठ्या धरणाचे पाणी प्रत्येक शिवारापर्यंत पोहोचत नाही. उंचावरील गावांचा आधार म्हणजे पाझर तलाव, गावतलाव आणि नाल्यांवरील बंधारे. या तालुक्यात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन रुजले आहे आणि परागीकरणाचे नाजूक काम करणाऱ्या स्त्रियांना त्यातून गावातच मजुरी मिळते. मात्र या पिकाला पाण्याची खात्री लागते. तलावात दरवर्षी साचत जाणारा गाळ नेमकी ती खात्रीच कमी करत असतो.

या प्रश्नावरचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना जाहीर केली होती. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने जिल्हा प्रशासनासमवेत ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ हे अभियान हाती घेतले आणि जिल्ह्यासाठी १३४ जेसीबी व पोकलेन यंत्रे उपलब्ध करून दिली. या भागीदारीची रचना व्यापाऱ्याला सहज उमजावी अशी होती. यंत्र संस्थेचे, इंधनाचा खर्च शासनाचा आणि गाळ शेतापर्यंत वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. प्रत्येकाचे भांडवल त्यात गुंतलेले असल्याने काम फुकटाचे ठरले नाही आणि कोणा एकावर त्याचा भारही पडला नाही. त्याच सुमारास महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती तलाव व नाल्यांतून घेण्याची पद्धत येथे अवलंबिली गेली. ती ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने जिल्ह्याबाहेरही पोहोचली.

या व्यवहाराचे गणित सोपे आहे. एक घनमीटर गाळ काढला की हजार लिटर पाण्याची जागा मोकळी होते. दहा हजार घनमीटर गाळ निघाला तर तलाव भरेल त्या प्रत्येक वर्षी एक कोटी लिटर पाणी अधिक साठते. हा झाला जमेचा एक रकाना. दुसरा रकाना शेताचा. हलक्या, मुरमाड जमिनीवर गाळ पसरला की तिची ओल धरून ठेवण्याची शक्ती वाढते आणि पावसाने ओढ दिली तरी पीक काही दिवस अधिक तग धरते. मुळातच भारी काळ्या असलेल्या जमिनीला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणजे गाळाची खरी गरज ज्याची जमीन हलकी त्याला असते, आणि हलकी जमीन बहुधा गरीब शेतकऱ्याच्याच वाट्याला आलेली असते.

हिशेब अडतो तो येथेच. एका एकरावर चार इंचांचा थर द्यायचा तर सुमारे चारशे घनमीटर गाळ लागतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण तीन घनमीटर मावतो असे धरले, तर एका एकरासाठी सव्वाशेहून अधिक फेऱ्या होतात. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याला हा खर्च झेपतो. दोन एकरांच्या धन्याला तो झेपत नाही. यंत्र गावात येते, गाळ निघतो आणि सधन शेतात जाऊन पडतो. तलाव सर्वांचा, त्याच्या तळाची सुपीकता मात्र थोड्यांची, असा हा प्रकार होतो. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. परंतु ज्या भागीदारीत सर्वांत दुबळ्या भागीदाराचा हिस्सा त्याला उचलताच येत नाही, ती कागदावर कितीही समान असली तरी व्यवहारात समान राहत नाही.

ही उणीव शासनाच्याही ध्यानात आली. २०२३ मध्ये योजना नव्याने सुरू करताना अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत आणि अडीच एकरांच्या मर्यादेत ३७,५०० रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद झाली. विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकऱ्यांचाही त्यात विचार झाला. तरतूद स्वागतार्ह आहे. तथापि अनुदान मोजमापानंतर मिळते आणि ट्रॅक्टरवाला त्याच आठवड्यात पैसे मागतो. या दोन तारखांच्या मधले अंतर गरीब शेतकऱ्याला ओलांडता येत नाही. ते त्याने सावकाराकडून ओलांडले, तर अनुदानाचा मोठा भाग व्याजातच जातो.

व्यापारी समाजाचे खरे सामर्थ्य याच ठिकाणी उपयोगी पडू शकते. मोठी देणगी, फलक आणि समारंभ यांपेक्षा येथे अल्पमुदतीच्या बिनव्याजी खेळत्या भांडवलाची गरज आहे. गावातील चार-पाच पेढ्यांनी मिळून एक छोटा निधी उभारावा. ग्रामसभेने ठरवलेल्या यादीतील सर्वांत लहान शेतकऱ्यांच्या फेऱ्यांचे पैसे त्यातून प्रथम द्यावेत आणि अनुदान आले की रक्कम निधीत परत यावी. तोच पैसा पुढील उन्हाळ्यात दुसऱ्या तलावावर फिरतो. कोणाच्या शेतात किती फेऱ्या पडल्या, याची नोंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. उधारीची वही सांभाळणाऱ्या हातांना ही नोंद ठेवणे अवघड नाही.

एवढ्यानेही काम संपत नाही. पाणलोटात गवत आणि झाडोरा नसेल तर पाच-दहा वर्षांत गाळ पुन्हा येतो. वाढलेले पाणी कोणी किती उपसायचे हे ठरले नसेल, तर मोठ्या मोटारीची विहीर ते आधी संपवते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने यावर उत्तर शोधले. तेथे दरवर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला जातो आणि त्यानुसार पिके ठरतात. शेतीसाठी बोअरवेल घेण्यास तेथे मनाई आहे. यंत्र येण्यापूर्वीच गावाने असा ठराव करावा, ही अट मदत देणाऱ्याने घालणे गैर ठरणार नाही. कर्ज देण्यापूर्वी बँकही परतफेडीची व्यवस्था विचारतेच.

या ताळेबंदात पाण्याखेरीज आणखी दोन रकाने आहेत. पहिला शिक्षणाचा. विहिरीला पाणी असले की रब्बीचे पीक उभे राहते, आई-वडील कामासाठी परजिल्ह्यात जात नाहीत आणि मुलाची शाळा मध्येच सुटत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर याच संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली होती. आपत्तीनंतर मुलांना सावरणे हे थोर कार्य होय; दुष्काळाची आपत्ती गावावर येऊच नये म्हणून झटणे हेही त्याच जातीचे कार्य आहे. दुसरा रकाना आरोग्याचा. जिल्ह्याच्या उत्तरेस संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या खारपाणपट्ट्यात क्षारयुक्त पाणी आणि मूत्रपिंडाचे विकार ही जुनी व्यथा आहे. उथळ विहिरींना गोडे पाणी टिकून राहणे म्हणजे काय, हे तेथील कुटुंबांना विचारावे.

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत सरोवर व तलाव शोषून कोरडे करण्याचा व्यवसाय गणला आहे. जमीन फोडण्याचा व्यवसायही त्याच यादीत आहे. या दोहोंचा अर्थ एकत्र लावला तर मार्ग स्पष्ट दिसतो. तलाव राखावा, आणि राखताना खोदकामाला मर्यादा असावी. केवळ साचलेला गाळ काढावा, तलावाचा मूळ तळ फोडू नये, शासनाने मनाई केलेल्या वाळूला हात लावू नये आणि डबक्यात उरलेल्या पाण्याला व त्यातील जीवांना धक्का लावू नये. पाणी धरून ठेवणारा मूळ थर फुटला तर तलाव पाणीच धरीत नाही, हे अभियंतेही सांगतात. धर्माची आणि शास्त्राची आज्ञा येथे एकच आहे.

अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी होतात, श्रेयांसकुमाराने भगवान ऋषभदेवांना दिलेल्या इक्षुरसाच्या दानाचे स्मरण होते आणि घराघरांतून दान काढले जाते. नेमक्या त्याच दिवसांत तलावांचे तळ उघडे पडू लागतात आणि पावसाळ्यापूर्वी कामाला जेमतेम सहा-सात आठवडे हाती उरतात. त्या दिवशी काढलेल्या दानातील एक वाटा दोन एकरांच्या एखाद्या शेतकऱ्याच्या सव्वाशे फेऱ्यांसाठी बाजूला ठेवला, तर दिवाळीच्या खातेवहीत त्याची जमा कोठे ना कोठे दिसल्याशिवाय राहणार नाही.