आकाशातील अंतर आणि जमिनीवरील वेळ

मुंबईपासून अमरावती आकाशमार्गाने सुमारे 540 किलोमीटर आहे; लोहमार्गाने बडनेऱ्यापर्यंतच 660 किलोमीटर भरतात. 1867 साली लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोचला आणि बैलगाडीच्या मुक्कामांत मोजले जाणारे हे अंतर तासांत मोजले जाऊ लागले. 16 एप्रिल 2025 रोजी बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि अकरा-बारा तासांचा प्रवास पावणेदोन तासांवर आला. या घटनेचे स्वागतच केले पाहिजे. परंतु वाचलेला वेळ प्रवाशाच्या पदरात किती पडतो, हेही तपासले पाहिजे.

सेवेच्या पहिल्या वेळापत्रकात विमान आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार व शुक्रवारी होते. ते अमरावतीहून दुपारी 4.40 ला निघून 6.25 ला मुंबईस पोचे, म्हणजे कचेऱ्या बंद झाल्यावर. मंत्रालयात काम असलेला शिक्षक सोमवारी निघाला, तर त्याचे काम मंगळवारी होणार आणि परतीचे विमान बुधवारी दुपारी मिळणार. मुंबईत दोन रात्रींचा मुक्काम आला. तोच शिक्षक सोमवारी संध्याकाळी अमरावती एक्स्प्रेसने निघाला, तर मंगळवारी सकाळी मुंबईत उतरतो, दिवसभरात काम उरकतो आणि बुधवारी सकाळी घरी परततो. विमानाचा प्रवासी दुपारी उशिरा पोचतो. वेगवान वाहनाने गेलेला मागे राहतो, तो दोष वाहनाचा नव्हे, वेळापत्रकाचा.

अकोल्याची कथा आणखी विचित्र आहे. मुंबई पश्चिमेला, पण जवळचे विमान गाठण्यासाठी अकोलेकराने आधी शंभरेक किलोमीटर पूर्वेकडे बेलोऱ्यास जावयाचे. या मार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला. रस्ता तासांत होऊ शकतो. मात्र अकोल्याच्या शिवणी विमानतळाची आखूड धावपट्टी वाढविण्याचा प्रश्न, शेजारच्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीसह, वर्षानुवर्षे रेंगाळला.

दोन शेजारी शहरांनी विमानतळासाठी एकमेकांशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. सकाळी जाऊन रात्री परतता येईल असे रोजचे विमान, त्याच्या वेळेशी जुळणारी अकोला-बेलोरा एस.टी. आणि शिवणीच्या धावपट्टीचा निश्चित निर्णय, या तीन गोष्टी दोन्ही शहरांनी मिळून मागावयास हव्यात. अमरावतीच्या आजारी माणसाला आणि मुलाखतीस निघालेल्या अकोल्याच्या तरुणाला विमान किती उंचावरून व किती वेगाने उडते याच्याशी कर्तव्य नाही. आपण वेळेवर पोचतो की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. आणि विमानसेवेचे यशही त्याच उत्तरावरून ठरावे.